शो ऑफ हँड्स: कुठून ऐकायला सुरुवात करू?

रानपाखरू:
नोकरीनिमित्त इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, एक्सिटरला आलेय. इथल्या पबमध्ये कोणी गिटार काढली की गाडी शेवटी 'कझिन जॅक'वर येतेच, आणि कोपऱ्यात पेंगणारे आजोबासुद्धा ध्रुवपदाला जागे होतात. गाणं शो ऑफ हँड्सचं, इतकं कळलं. मुळात दोघांचा इंग्रजी लोकसंगीताचा संच, आणि अल्बम ढीगभर! भारतात असताना नावही कानावर आलं नव्हतं. एवढे लोकप्रिय, तर टीव्हीवर का दिसत नाहीत? आणि आधी काय ऐकू?

तिरपा_डोळा:
सगळी गाणी खलाशांची नाहीतर खाणीतल्या मजुरांची, सगळी रडकी. एक ऐकलंत म्हणजे सगळी ऐकलीत. पबात बसलाच आहात तर पबातलं काम करा.

सारंगधर:
तिरपेराव, तुम्ही एकही ऐकलेलं नाही, पैज लावतो.

रानपाखरूताई, मी व्हायोलिन वाजवतो (आपलं, मांडी घालून), म्हणून मी या जोडीतल्या फिल बीअरच्या बाजूनं शिरलो. हा माणूस अल्बियन बँड या इंग्रजी फोक-रॉक संचात होता, रोलिंग स्टोन्सच्या १९८९ च्या 'स्टील व्हील्स' अल्बममध्येही त्याची फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आहे. आपण मींडेत रमतो. तो गजानं ताल धरतो, आणि मध्येच अशी एक लांब ओढ घेतो की गायकाला गप्प बसावं लागतं. गायक म्हणजे स्टीव्ह नाइटली. बरीचशी गाणी त्याचीच. गिटार, मेंडोचेलो (मोठं, खर्जातलं मेंडोलिन) आणि क्वात्रो (छोट्या गिटारसारखं वाद्य) वाजवतो. क्वात्रो दक्षिण अमेरिकेकडचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे दोघं चिलीतून परागंदा झालेल्या कलाकारांबरोबर 'अलियान्झा' नावाच्या संचात होते, तो रंग पुढेही टिकला. २००४ मध्ये डबल बेसवर मिरांडा साइक्स आली, म्हणजे 'जोडी' म्हणायची आणि मंचावर बरीच वर्षं तिघं.

टीव्हीचं म्हणाल तर त्यांनी त्याची वाट पाहिलीच नाही. मार्च १९९६ मध्ये यांनी थेट लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल घेतला, पाच हजारांच्या आसपास खुर्च्या. लंडनच्या वर्तमानपत्रांना हे कोण ते ठाऊक नाही, मोठी रेकॉर्ड कंपनी पाठीशी नाही. तरी हॉल भरला. वर्षानुवर्षं फोक क्लबांत आणि गावच्या सभागृहांत वाजवून जोडलेले श्रोतेच आले. लेबलही स्वतःचं, 'हँड्स ऑन म्युझिक'. माझ्या मते तीन दशकं टिकले ते यामुळे, आवाजामुळे नंतर. त्यानंतरही तो हॉल त्यांनी अनेकदा घेतला, आणि तरी डेव्हन सोडून लंडनकर झाले नाहीत.

'कझिन जॅक' म्हणजे पोट भरायला परदेशी गेलेला, डेव्हनशेजारच्या कॉर्नवॉलचा खाणकामगार. असे जॅक आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही होते; १८८० नंतर जॉन टेलर कंपनीनं कॉर्नवॉलहून माणसं आणली होती. मला हे गाणं त्यामुळे परकं वाटत नाही.

मोडका_तंबोरा:
'रूट्स'चं काय? इंग्रजांनो आपली मुळं जपा, असं ते गाणं. मला जरा उजवीकडे झुकल्यासारखं वाटलं.

सारंगधर:
तसं वाटणारे तुम्ही एकटे नाही. किम हाउल्स नावाच्या ब्रिटिश मंत्र्यानं सॉमरसेट परगण्याच्या लोकगायकांची टिंगल केली होती, त्याला दिलेलं हे उत्तर. २००६ च्या 'विटनेस' अल्बममध्ये आहे. पुढे बीएनपी (ब्रिटिश नॅशनल पार्टी) या अतिउजव्या पक्षानं ते आपल्या प्रचाराला वापरलं, तेव्हा या दोघांनी जाहीर विरोध केला आणि 'फोक अगेन्स्ट फॅसिझम' या मोहिमेला साथ दिली. पण खरं सांगू? गाणं इतकं ठाम आहे की कोणीही उचलून आपलं म्हणावं. नाइटलीचा राग मला दुसरीकडे जास्त पटतो: २००३ च्या 'कंट्री लाइफ' अल्बमच्या त्याच नावाच्या गाण्यात. गावातलं जन्मघर कोणाचं तरी सुट्टीचं घर होऊन बंद पडलेलं. अलिबागच्या बाजूला जमीन विकलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही.

रानपाखरूताई, १९९६ चा अल्बर्ट हॉलचा लाइव्ह अल्बम आधी घ्या, मग 'कंट्री लाइफ', मग 'विटनेस'. स्टुडिओतलं जुनं नंतर.

तिरपा_डोळा:
लाइव्हवाला लावलाय. फिडल बरी आहे. बाकी मत कायम.