पुण्यात कमी पाण्याचं लॉन कुठलं लावावं?

बाणेरला बंगल्यापुढे कार्पेट ग्रासचं छोटं लॉन आहे, मेमध्ये टँकर मागवून जगवावं लागतं, कमी पाण्यावर टिकेल असं काय लावू?

> हरळी लावा. गणपतीला दूर्वा वाहतो तीच, मुळं खोल जातात, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी जूनच्या पावसात परत फुटते. फक्त ऊन भरपूर हवं, आंब्याखाली नाही येणार.

> हो, पण कुंपणाकडेनं वीट उभी गाडा नाहीतर वाफ्यात घुसते, मग काढत बसा!! कोरियन गवत पण चालेल, पसरायला फार वेळ घेते. आणि रोज शिंपडू नका हो, आठवड्यातून दोनदाच पण माती बोटभर खोल भिजेल इतकं द्या.