स्किड स्टीअर लोडरच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

प्रश्न – लोडरमालक, सांगली जिल्हा
नमस्कार. आमचा स्किड स्टीअर लोडर (माल भरण्याचे छोटे चारचाकी यंत्र) गाळप हंगामात साखर कारखान्याच्या आवारात बगॅस (उसाचा चोथा) ओढतो आणि इतर महिन्यांत मुरूम भरतो. टायर 10-16.5 मापाचे, 10 प्लायचे (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीची श्रेणी) आहेत. पंक्चरवाले 40 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पुरेसे म्हणतात, चालकाला 70 हवे असतात. गेल्या आठवड्यात मुरमात जागच्या जागी वळताना पुढचा टायर रिमवरून निसटला. नेमकी किती हवा भरावी?

उत्तर 1 – यंत्रदुरुस्ती, पुणे
टायर निसटला त्याचे कारण बहुधा ते 40 पीएसआयच आहे. या यंत्राची चाके वळत नाहीत. एका बाजूची चाके दुसऱ्या बाजूपेक्षा हळू किंवा उलटी फिरवून सगळे यंत्र घासत वळवले जाते, त्यामुळे टायरवर आडवा जोर प्रचंड येतो आणि हवा कमी असली की टायरची कड रिम सोडते. आपल्या मापाच्या 10 प्लाय टायरवर साधारणपणे 75 पीएसआयच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. तो टायरच्या बाजूवर वाचावा, यंत्राच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा आणि छापील मर्यादा कधीही ओलांडू नये.

एक कळकळीची विनंती: निसटलेला टायर आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरू नका. भरताना वॉल्व्हला अडकून राहणारी, लांब नळीची जोडणी वापरा आणि टायरच्या रिमकडील बाजूसमोर नव्हे, जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या दिशेला उभे राहा.

उत्तर 2 – ठेकेदार, नाशिक
वरील मताशी सहमत आहे. मात्र जास्त हवाही परवडत नाही: कारखान्याच्या काँक्रीटवर टायरचा मधला पट्टा लवकर झिजतो, यंत्र उसळते आणि अणकुचीदार दगडाने टायर सहज कापला जातो. शिवाय बहुतेक यंत्रांत एका बाजूची दोन्ही चाके साखळीने एकाच मोटरला जोडलेली असतात. त्यांपैकी एकात हवा कमी असेल तर त्याचा घेर बदलतो आणि ताण साखळीवर येतो. म्हणून नवा टायर एकटा बसवू नये, निदान त्या बाजूची जोडी सारखी ठेवावी.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. टायरवर 75 आणि पुस्तिकेत 60 लिहिले आहे. मग कोणता धरावा?

उत्तर 1
पुस्तिकेतला 60 आपल्याच मापाच्या आणि प्लायच्या टायरसाठी असेल, तर तोच धरावा. टायरवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते. मोजणी सकाळी, यंत्र सुरू करण्यापूर्वी करावी. दुपारी गरम टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसले तर हवा सोडू नये.