विकत घेतलं म्हणजे आपलं झालं?

पैसे मोजले की ई-बुक आपलंच, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी विकत घेतलेलं ऑर्वेलचं '१९८४' हे पुस्तक त्यांच्या किंडलवरून, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रावरून, परस्पर उडवलं, का तर विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, पैसे परत दिले म्हणा, पण उद्या दुकानदार घरात शिरून कपाटातलं पुस्तक उचलून टेबलावर नोटा ठेवून गेला तर चालेल का? आणि पुस्तकही नेमकं हेच, ज्यात सरकार लोकांवर पाळत ठेवतं आणि नको असलेला मजकूर गायब करतं! फेब्रुवारी २०२५ मध्ये तर ई-बुकची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकायची सोयही त्यांनी काढून टाकली. माझ्या प्रिंटरचं तेच, शाई काठोकाठ भरलीये पण कार्ट्रिजची चिप कंपनीची नाही, लोकल, म्हणून गडी अडून बसलाय, शेवटी पोरीचं हॉल तिकीट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं.