वहिनीला विचारलेला प्रश्न मी बाकीच्या बायकांना का नाही विचारला?

निशिगंध (मानेवाडा)

गेली अकरा वर्षं मी बायकांसोबत पोलीस ठाण्यात आणि कौटुंबिक न्यायालयात जाते. मी वकील नाही आणि कुठल्या संस्थेत पगारावरही नाही. वस्तीतल्या एखादीला एकटीनं जायची भीती वाटते, म्हणून सोबत जाते. ठाण्यात जितक्या वेळा भांडले, त्यातली निम्मी भांडणं एकाच वाक्यावरून झाली असतील: "इतकी वर्षं गप्प का होती?" हे वाक्य कुणी उच्चारलं की माझं डोकं फिरायचं.

मागच्या दिवाळीनंतर वहिनीनं माझ्या भावाविरुद्ध आणि आईविरुद्ध छळाची तक्रार दिली. फोनवर बातमी ऐकल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "सहा वर्षं गप्प का होती मग?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाऊ दोषी आहे की नाही, हे मी इथे ठरवायला बसलेली नाही. ते कोर्ट बघेल. मला त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. अकरा वर्षं मी ज्याला अन्याय म्हणत आले, तेच माझ्या घरात मला साधी शंका वाटली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

तेव्हापासून मी स्त्रीवादी आणि पुरुष हक्कवाले यांच्यातले वाद वेगळ्या कानांनी ऐकते. ४९८अ घ्या. नवरा किंवा सासरचे बायकोचा छळ करत असतील तर लागणारं, १९८३ मध्ये आलेलं कलम, आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६. यात शिक्षा होण्याचं प्रमाण बरीच वर्षं वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खालीच आहे. पुरुष हक्कवाले म्हणतात, सुटले म्हणजे केस खोटी. मग आपल्या विदर्भातलंच देसाईगंजचं प्रकरण आठवा. १९७२ मध्ये पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी धरलं, सुप्रीम कोर्टानं सोडलं. १९७९ मध्ये चार कायदा प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ती मुलगी खोटी होती असं आज कुणी म्हणेल का? सुटका म्हणजे खोटेपणा हा हिशेब तिथे चालत नाही, तर इथे कसा चालतो?

आता आमची बाजू. एखादा नवरा सुटला की आम्ही म्हणतो, "पुराव्याअभावी सुटला." तो खरंच निर्दोष असू शकतो, हे आमच्या तोंडून सहसा निघत नाही. पुरुषानं रडू नये हे पुरुषसत्तेनं त्याच्यावर लादलंय असं भाषणात सांगतो, आणि एखादा खरोखर रडत लिहितो तेव्हा खाली हसणारे चेहरे टाकतो. मीही टाकलेत.

म्हणून विचारते. तुमचं माप कुठे बदललं, असं एखादं ठिकाण इथे कुणी सांगेल का? समोरच्याचं नको, स्वतःचं सांगा.

हिंगणा रोड

ताई, बोललात हे मोठं आहे. पण स्वतःच्या घरात केस आली तेव्हाच समजलं ना? आम्ही दहा वर्षं हेच ओरडतोय. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानंच या कलमाच्या गैरवापराला "कायदेशीर दहशतवाद" म्हटलं होतं. तेव्हा तुमच्यासोबतच्या एकीनं तरी "आपण तपासून बघू" असं म्हटलं का?

समानतेचं म्हणाल तर २०१३ चा अध्यादेश आठवा. त्यात लैंगिक अत्याचाराची व्याख्या लिंगनिरपेक्ष होती. विरोध कुणी केला? महिला संघटनांनी. काही महिन्यांत कायदा आला तेव्हा ती व्याख्या पुन्हा फक्त बाईपुरती झाली. नोकरीत समानता पाहिजे, कायद्यात नको, याला दुटप्पीपणा नाही तर काय म्हणायचं?

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ती आईकडे असते, मला भेटते महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास, तेही कोर्टाच्या आवारात. मागच्या चौदा महिन्यांत ती नऊ वेळा आली. बाकीच्या वेळी "ताप आहे", "परीक्षा आहे". बापाचा त्रास तुमच्या कुठल्या भाषणात येतो ते सांगा.

काळी माती

निशिगंध, तुझ्या घरातल्या दुःखाबद्दल वाईट वाटतं, पण या पोस्टचं काय होणार ते तुलाही माहीत आहे. उद्या हिचे फोटो काढून फिरवतील: "बघा, स्त्रीवादी बाईनंच कबूल केलं." आणि पुढच्या वेळी तू एखादीला घेऊन ठाण्यात गेलीस की हवालदार हेच तुला दाखवेल.

दोन्हीकडे सारखंच दुटप्पी वागणं आहे, हे मला मान्य नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी साधारण तिघींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. अशा हिंसेला तोंड दिलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. म्हणजे तुम्ही ज्या खोट्या केसेसवर बोलता, त्या त्या १४ टक्क्यांच्याही एका कोपऱ्यातल्या. उरलेल्या ८६ टक्के बायका कुठल्याच कोर्टाच्या आकड्यात नाहीत.

हिंगणा रोड, २०१३ बद्दल अर्धंच सांगताय. दिल्लीच्या २०१२ च्या बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीनं पीडित कुणीही असू शकतो असं सुचवलं होतं, आरोपी मात्र पुरुष. महिला संघटनांचा मुख्य आक्षेप आरोपी लिंगनिरपेक्ष करण्याला होता, कारण बाईनं तक्रार दिली की तिच्यावरच उलटी तक्रार टाकायची वाट मोकळी झाली असती. पुरुष पीडित असू नये, हा मुद्दा नव्हता.

आणि एक विचारते, राग मानू नका. संसार चालू होता तेव्हा मुलीच्या शाळेत पालकसभेला किती वेळा गेलात?

हिंगणा रोड

दोनदा. मी शिफ्टमध्ये होतो. म्हणून मी बाप नाही का?

काळी माती

बाप आहात, आणि त्या दोन तासांसाठी तुम्ही तळमळता हे मला खरं वाटतं. आई दर वेळी बहाणे सांगत असेल तर तेही चूकच आहे. माझं म्हणणं एवढंच. मूल आईकडे राहील असं कोर्टानं म्हटलं की तुम्ही त्याला पक्षपात म्हणता. घरात आई म्हणून सगळं तिच्यावरच पडत होतं, तेव्हा हा शब्द तुम्हाला आठवला नाही. आणि तुमच्या ग्रुपवर कायदा बाईच्या बाजूनं आहे असं रोज लिहितात. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव आजही बापाचंच आहे. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ, एवढीच सवलत.

दारव्हेकर

मी दारव्ह्याचा, आता मिहानमध्ये कामाले आहो. इथं रोज वाचतो, लिहीत नाई. आज लिहितो.

माया बापानं २००९ मध्ये जीव देल्ला. कापूस गेला, सावकार दारात. मी तवा बारावीत होतो. आता इथं नागपुरात पुरुष हक्कवाले संविधान चौकात फलक घेऊन उभे राह्यतात, "इतके पुरुष मरते, कोणाले पर्वा नाई." २०२२ च्या सरकारी आकड्यात देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात जवळपास ७२ टक्के पुरुष. आकडा खरा हाय. पण थ्या आकड्याखाली लिहितात "बायकांचे कायदे". मी थे पूर्ण पान काढून वाचलं. लग्नाशी संबंधित कारण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. शेतीवरचे ११,२९०, त्यातले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले. रोजंदारीवाले तर चौथ्या हिश्शाच्या वर.

माया बापाले कोण्या बाईनं नाई मारलं. थ्याची आठवण फक्त बाईसंग भांडाच्या वेळी येते, कापसाच्या भावासाठी येत नाई, तर मंग थो हक्क कोणाचा मांगता भाऊ तुम्ही?

आन् ताईलोकांनो, तुमालेही सांगतो. एकदा मी असंच बापाबद्दल लिहिलं तर एका बाईनं लिहिलं, "पुरुषांनी स्वतःच बनवलेली व्यवस्था हाय, भोगा." माया बापानं कोणती व्यवस्था बनवली होती? पाच एकर कोरडवाहू होती थ्याच्याजवळ.

पण हेही सांगलं पायजे. बापाच्या मांगं जमीन मायच्या नावावर कराले तीन वर्षं लागले. काका आडवा होता. तवा तलाठ्याकडं मायसंग जाणारी एकच बाई होती, यवतमाळच्या महिला संघटनेची. पुरुष हक्कवाला कोणी नव्हता आला.

निशिगंध (मानेवाडा)

दारव्हेकर दादा, "भोगा" हे वाक्य मी लिहिलेलं नाही, पण तसं वाचून मी गप्प बसलेली आहे. त्याची माफी मागते.

काळी माती, फोटो काढून फिरवतील, माहीत आहे. तरीही लिहिलं, कारण ठाण्यात माझ्यासोबत येणाऱ्या बाईला मी जो विश्वास देते, तो माझ्या वहिनीला नाकारला तर उरलेल्यांना दिलेलाही पोकळ ठरतो.

हिंगणा रोड, २०१८ मध्ये व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द झालं. त्यात शिक्षा फक्त पुरुषाला होती. पुरुषांवर अन्याय करणारा एक कायदा गेला आणि स्त्रीवाद्यांनीही त्याचं स्वागत केलं, कारण त्यात बायको नवऱ्याच्या मालकीची धरली होती. त्या दिवशी तुमच्या लोकांनी आनंद केला का?

हिंगणा रोड

नाही. खरं सांगतो, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर "आता बायका मोकाट सुटतील" असंच होतं. मीही पुढे पाठवलं होतं. तुम्ही स्वतःचं ठिकाण विचारलं होतं, तर हे माझं लिहून घ्या.

पण ४९८अ वर मी मागे हटणार नाही. बायकोनं दिलेल्या तक्रारीत माझ्या बहिणीचंही नाव होतं. ती लग्न होऊन अमरावतीला गेली तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. हे कुणी लिहिलं, का लिहिलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. २०२४ च्या डिसेंबरात बायकोवर छळाचे आरोप करून बंगळुरूच्या इंजिनिअरनं जीव दिला, तेव्हाही तुमच्यातल्या अनेकींचं पहिलं वाक्य होतं, "दुसरी बाजू ऐकली पाहिजे." बाईच्या वेळी दुसरी बाजू ऐकायची म्हटलं की आम्ही स्त्रीद्वेष्टे होतो.

काळा कोट

मी दोन्ही बाजूंच्या केसेस चालवतो, म्हणून थोडं बोलतो. नातेवाइकांची सरसकट नावं टाकणं ही खरी अडचण आहे, हिंगणा रोड बरोबर आहेत. ते बरेचदा आमच्याच पेशातल्या लोकांच्या सल्ल्यानं होतं, अशिलाला माहीतही नसतं. पण "तक्रार झाली की लगेच अटक" हे सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालानंतर खरं राहिलेलं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तक्रारी आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायला सांगितलं, २०१८ मध्ये ते स्वतःच मागे घेतलं. दोन्ही बाजू आपल्या सोयीचं एकेक साल लक्षात ठेवतात.

पोटगीचं ऐका. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं नवरा आणि बायको दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असं ठरवलं. ते प्रकरण आपल्याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं. त्याआधीचे माझे अशील आठवतात. नवरा पगाराची चिठ्ठी दडवायचा, बायको शिकवण्या दडवायची. दोघंही माझ्यासमोर बसून समोरच्याच्या दडवादडवीला फसवणूक म्हणायचे, आणि स्वतःचीला नाइलाज.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून राग आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत जुनं ३७७ कलम, ज्याखाली पुरुषावरच्या बलात्काराची तक्रार देता यायची, ते आलंच नाही. म्हणजे प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी वेगळं कलमच उरलं नाही. पुरुष हक्कांच्या नागपुरातल्या कुठल्याही कार्यक्रमात यावर मी एक भाषण ऐकलेलं नाही.

निशिगंधताई, तुम्हाला एक विचारायचं आहे, नाही सांगितलं तरी चालेल. वहिनीचं स्त्रीधन कुठे आहे? १९८५ पासून कायदा स्पष्ट आहे, ते तिचं एकटीचं. सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला दिलेलं असतं.

काळी माती

हा प्रश्न मीच विचारायला हवा होता. दुसऱ्या कुणाची पोस्ट असती तर पहिल्याच ओळीत विचारला असता.

निशिगंध (मानेवाडा)

आईच्या लॉकरमध्ये आहे. साडेसात तोळे. पाटल्या, राणीहार, आणि तिच्या आजीची एक जुनी वज्रटीक.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अकरा वर्षांत किमान तीस बायकांच्या सासरी जाऊन मी दागिन्यांची यादी मागितली आहे, पंचांसमोर सह्या घेतल्या आहेत. घरी मात्र भाऊ म्हणाला, "केस चालू आहे, आत्ता देऊ नको, सेटलमेंटला कामात येईल," आणि मी मान हलवली.

काळा कोट, तुमचा प्रश्न वाचून मी आत्ता आईला उठवलं. ती आधी रडली, मग म्हणाली, वज्रटीक तर मीच तिला पूजेच्या दिवशी घालून दिली होती. लॉकरला दोघींची नावं आहेत, माझं आणि आईचं. बँक सोमवारी उघडेल. यादी मी आज रात्री लिहून ठेवते. वहिनीच्या वकिलांना कसं कळवायचं, तेवढं मला सांगा.