दुखरा खांदा जोर लावून मोकळा करावा का?

मूळ मांडणी

खांद्याच्या सांध्याभोवती एक सैलसर आवरण असते. हात खाली सोडलेला असताना काखेकडच्या बाजूला त्याची घडी पडलेली असते आणि हात वर नेला, की तीच घडी उलगडते. या आवरणाला दाह झाला, की ते सुजते, हळूहळू जाड आणि आखूड होते, घडी उलगडेनाशी होते आणि हात अडतो. १९३४ मध्ये कॉडमन यांनी या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' असे नाव दिले. पुढे १९४५ मध्ये नेव्हायझर यांनी आवरणाच्या दाहावर बोट ठेवून त्याला 'अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस' म्हटले. चाळिशी ते साठीच्या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, हा त्रास अधिक दिसतो.

माझा डावा खांदा असाच जखडला होता. तिसऱ्या महिन्यात ज्या ठिकाणी मी व्यायामासाठी जात होते, तिथे मला पालथे झोपवून हात पाठीमागे ओढला जाई आणि "दुखले तरी सोसा, चिकटलेले सुटायलाच हवे" असे सांगितले जाई. त्या प्रत्येक दिवसानंतरची रात्र मी बसून काढली. कूस बदलताना हात किंचित घसरला, तरी दंडापर्यंत कळ जायची. सहा आठवड्यांनंतर हात आधीपेक्षा कमी वर जात होता. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की दुखण्याचा पहिला टप्पा चालू असताना जोर लावून ताण देणे हा उपचार नसून दाहात घातलेली भर आहे. आधी दाह शमवावा, तोवर दुखणार नाही एवढीच हालचाल ठेवावी, आणि ताण नंतर द्यावा.

पहिला प्रतिसाद: असहमत

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घातक वाटतो. मी नेमके आपण सांगता तेच केले होते. खांदा दुखतो म्हणून सात-आठ महिने हात अंगाशी धरून ठेवला, झोळीत अडकवला, डाव्या हाताने जेवायला शिकलो. परिणाम असा झाला, की शर्टाची बाही घालायलाही दुसऱ्याची मदत लागू लागली आणि दंडाचे स्नायू डोळ्यांना दिसतील इतके रोडावले. त्यानंतर एका कडक फिजिओथेरपिस्टने रोज ताण देऊन चार महिन्यांत हात डोक्यावर नेऊन दाखवला. तो दुखवत होता, हे खरे आहे. पण त्याने दुखवले नसते, तर मी आजही हात पोटाशी धरून बसलो असतो. 'दुखेल तिथे थांबा' हे वाक्य घाबरलेल्या माणसाच्या कानावर पडले, की तो हालचालच थांबवतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

दुसरा प्रतिसाद: फिजिओथेरपिस्ट म्हणून

आपण दोघेही खरे सांगत आहात, फक्त दोन वेगळ्या टप्प्यांबद्दल बोलत आहात. या आजाराचा पहिला टप्पा दुखण्याचा असतो आणि तो साधारण दोन ते नऊ महिने चालतो. नंतरच्या टप्प्यात दुखणे ओसरते, पण ताठरपणा राहतो. तिसऱ्यात हात हळूहळू सुटतो. पहिल्या प्रतिसादकर्त्यांवर कडक उपचार सुरू झाले, तेव्हा सात-आठ महिने उलटून गेले होते, म्हणजे दाह बहुधा विझत आला होता. तोच ताण तिसऱ्या महिन्यात दिला असता, तर त्यांचाही अनुभव वेगळा असता, असे मला वाटते.

टप्पा कॅलेंडरवरून नव्हे, तर खांद्यावरून ओळखावा. स्वस्थ बसलेले असतानाही दुखते का, रात्री झोपमोड होते का, आणि व्यायामानंतर वाढलेली कळ कितपत टिकते, हे मी विचारते. ती थोड्याच वेळात शमत असेल, तर थोडा अधिक ताण चालतो. दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळत असेल, तर आदल्या दिवशी जास्त झाले. तपासताना मी कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवायला सांगते आणि मनगट बाहेरच्या बाजूला फिरवते. जखडलेल्या खांद्यात ही हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते, आणि रुग्णाने स्वतः फिरवली काय किंवा मी फिरवली काय, तिथेच अडते. स्नायूचा कंडरा फाटलेला असेल, तर हात दुसऱ्याने उचलल्यावर सहसा बराच वर जातो. एक्स-रे मात्र काढून घ्यावा, कारण सांध्याची झीज असेल किंवा सांधा मागच्या बाजूला निखळून अडकला असेल, तरीही मनगट बाहेर फिरत नाही. ताप, लाली किंवा गरम सूज असेल, तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

२००४ मध्ये डिर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने दुखण्याच्या मर्यादेत राहून व्यायाम केला, दुसऱ्याला त्या मर्यादेपलीकडे ताण देण्यात आला. दोन वर्षांनी पहिल्या गटातील ८९ टक्के रुग्णांचा खांदा चांगल्या स्थितीत होता, दुसऱ्या गटातील ६३ टक्क्यांचा. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण पहिला गट झोळी बांधून बसला नव्हता, हे लक्षात घ्यावे. तोही रोज हालचाल करत होता.

तिसरा प्रतिसाद: दोघांशीही असहमत

हा आजार आपोआप बरा होतो, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग इतका खटाटोप कशासाठी? वेदनाशामक घ्यावे आणि वाट पाहावी. स्टेरॉइडचे इंजेक्शन तर मी कोणालाही सुचवणार नाही. ते तात्पुरते दाबते, आणि माझ्यासारख्या मधुमेही माणसाची साखर त्याने वाढते.

मूळ लेखिकेचे उत्तर

तिसऱ्या प्रतिसादाला आधी उत्तर देते, कारण 'आपोआप बरा होतो' या वाक्याने अनेकांची वर्षे गेली आहेत. २००८ मध्ये हँड आणि सहकाऱ्यांनी सरासरी साडेचार वर्षांच्या आसपास पाठपुरावा केलेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५९ टक्क्यांचा खांदा पूर्ववत किंवा जवळपास पूर्ववत झाला होता. ४१ टक्क्यांना काही ना काही त्रास उरला होता, बहुतेकांचा सौम्य. सौम्य म्हणजे पाठीमागे हात नेताना अडणे किंवा उंच फळीवरचे काढताना ओढ बसणे. ज्याला ते रोज करावे लागते, त्याला ते सौम्य वाटत नाही.

मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच जागरूक राहावे. त्यांच्यात हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि अधिक चिवट असतो. इंजेक्शनने काही दिवस साखर वाढते, ही आपली काळजी रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांशी आधी बोलून ते दिवस साखर वारंवार तपासणे. 'तात्पुरते दाबते' हेही खोटे नाही. २००३ मधील कॅरेट यांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती स्पष्टपणे चांगली होती आणि वर्षअखेरीस सर्व गट जवळपास सारखे झाले होते. पण ते सहा आठवडे ज्याने जागून काढले आहेत, त्याला त्यांची किंमत विचारावी. झोप लागली, की माणूस व्यायाम करू शकतो. मला दुसऱ्या डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिले, त्यानंतर दहा दिवसांत मी पुन्हा आडवी झोपू लागले. दुखऱ्या हाताखाली घडी केलेली उशी ठेवायची, म्हणजे कोपर मागे पडत नाही, हेही मला तेव्हाच कोणीतरी सांगितले. ते पहिल्या दिवशी सांगायला हवे होते.

पहिल्या प्रतिसादकर्त्यांना एवढेच सांगेन, की हात झोळीत बांधणे मीही चूकच मानते. पुढे वाकून हात लोंबता सोडून हलकेच झुलवणे, टेबलावर कापड ठेवून हात पुढे सरकवणे, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलणे, हे मी पहिल्या टप्प्यातही केले, दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

पहिल्या प्रतिसादकर्त्यांचे उत्तर

झोळीबद्दलचा आक्षेप मान्य करतो. कडक उपचार मला उशिरा मिळाले, हेच कदाचित माझ्या पथ्यावर पडले, हाही तर्क मला पटण्यासारखा वाटतो. तरीही ताठरपणाच्या टप्प्यात थोडे सोसल्याशिवाय आवरण लांबत नाही, या मतावर मी ठाम आहे. आणि व्यायामाने भागले नाही, तर भूल देऊन खांदा मोकळा करण्याचा किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवण्याचा पर्याय पुढे ढकलत राहू नये.

दुसऱ्या प्रतिसादकर्तीची भर

त्या पर्यायांची घाईही नको. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ५०३ रुग्णांवर भूल देऊन खांदा हलवणे, दुर्बिणीतून आवरण सोडवणे आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी या तिन्हींची तुलना केली होती. वर्षभरानंतर रुग्णाला जाणवेल इतका मोठा फरक त्यांत दिसला नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी इंजेक्शन आणि फिजिओथेरपीपासून सुरुवात करायला सांगते आणि दर रविवारी आरशासमोर कोपर बरगडीला टेकवून मनगट किती बाहेर जाते, ते वहीत लिहून ठेवायला लावते. ताठरपणाच्या टप्प्यात सोसण्याबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, फक्त त्या रात्री झोप लागली पाहिजे.