मदत हवी आहे : बेटा (फायटर) माशांच्या माद्यांची टाकीत मारामारी

नमस्कार मंडळी. माझ्या ८० लिटरच्या टाकीत पाच बेटा माद्या आहेत. पाणी २६ अंश, स्पंज फिल्टर चालू, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. जावा फर्न, अनुबियास आणि वर तरंगणारी झाडं भरपूर आहेत. पहिले तीन आठवडे एकमेकींसमोर कल्ले फुगवायच्या आणि बाजूला व्हायच्या, एवढंच.

गेल्या चार दिवसांपासून मात्र सगळ्यात मोठी निळी मादी छोट्या लाल मादीच्या हात धुऊन मागे लागली आहे. लालच्या शेपटीच्या चिंध्या झाल्यात, अंगावर आडवे फिके पट्टे उमटलेत. दिवसभर हीटरमागे बसून असते, खायलाही वर येत नाही. बघवत नाही हो. काल रात्री लालला वेगळं केलं.

आता निळीला आठवडाभर बाहेर ठेवून, झाडं-दगडांची जागा बदलून, मग सगळ्यांत शेवटी परत सोडलं तर तिचा दरारा कमी होतो का? की आणखी दोन माद्या आणून राग विभागू द्यावा? (नव्या आणल्या तर आधी वेगळ्या ठेवेनच.)

असा गट वर्षभर तरी सांभाळलेल्यांनी कृपया सांगा. लाल मादी परत टाकूच नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहा. तिच्यासाठी २० लिटरची स्वतंत्र टाकी करायची माझी तयारी आहे.