दहावी गणित : सांख्यिकी, संभाव्यता, महत्त्वमापन (क्षेत्रफळ-घनफळ) यांसाठी पुस्तक सुचवा (बजेट ५००)

कोथरूडची_आई: लेक दहावीला, मराठी माध्यम, राज्य मंडळ. समीकरणं सोडवते, पण हे तीन धडे आले की पेन खाली. सूत्रं पाठ आहेत, कुठलं कुठे लावायचं ते सुचत नाही. क्लास लावायचा नाहीये. कुठलं पुस्तक घेऊ?

पेठेतला_बाब्या: क्लासच लावा. आमच्या चिरंजीवांची फी एकरकमी भरली, गणितात नव्वदच्या वर. ५०० रुपयांत हल्ली घरच्यांची मिसळ होत नाही.

अबचौ_वारकरी: अप्पा बळवंत चौकात जुनी डायजेस्टं स्वस्तात मिळतात. गाडी मात्र नेऊ नका.

पेठेतला_बाब्या: लांब लावायची आणि चालत यायचं. लोकांना चालायलाच नको.

धायरी_फाटा: क्लासबद्दल बोलूच नका. आमच्याकडून फी आधी घेतली आणि महत्त्वमापन 'सोपंय, घरी करा' म्हणून सोडून दिलं. डायजेस्टही नको, उत्तर शेजारीच छापलेलं असतं. पोरं वाचतात आणि 'समजलं' म्हणतात.

निवृत्त_मास्तर: पुस्तकाआधी ती अडते कुठे ते बघा. मध्यकाचं उदाहरण घ्या: वर्ग १०-१९, २०-२९, ३०-३९, ४०-४९, वारंवारता ८, १२, २०, १०. एकूण ५०, निम्मे २५, म्हणजे मध्यक ३०-३९ मध्ये. आता पोरं L (त्या वर्गाची खालची सीमा) म्हणून ३० घेतात आणि h (वर्गाची रुंदी) म्हणून ९. वर्ग आधी सलग करायचे, म्हणजे L = २९.५, h = १०. cf, म्हणजे संचित वारंवारता, आधीच्या वर्गापर्यंतची, ८ + १२ = २०. २५ मधून २० गेले, उरले ५, त्याला या वर्गाच्या वारंवारतेने, २० ने, भागायचं. २९.५ + (५/२०) × १० = ३२. तिची जुनी वही काढा, चूक इथेच सापडेल.
संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, पूर्ण लिहायला लावा. ०, १, २, ३, ४ पासून अंक पुन्हा न घेता दोन अंकी संख्या किती? दशकस्थानी शून्य चालत नाही, म्हणून ४ × ४ = १६. घाईत २० लिहितात.

पेठेतला_बाब्या: आमच्या वेळी हे सगळं तोंडी करायचो. आणि π २२/७ च घ्यावा, ३.१४ ने उत्तर चुकतं.

धायरी_फाटा: प्रश्नात जो दिलाय तो घ्यायचा! दोन्ही अंदाजेच आहेत.

निवृत्त_मास्तर: गोल वितळवून शंकू करायचे असतील तर π लागतच नाही, दोन्हीकडून जातो. गोलाची त्रिज्या ६, शंकूची २ आणि उंची ३: π सोडून घनफळं २८८ आणि ४, २८८ भागिले ४, बहात्तर शंकू. आधी काटाकाट, मग गुणाकार. आणि व्यास दिला असेल तर निम्मा करायचा, हे दर वर्षी सांगावं लागतं. पाठ्यपुस्तकातलेच सरावसंच पुरे आहेत, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे.

नवीन_सभासद: वरचं वाचलं नाही, पण डायजेस्ट घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळेल.

कोथरूडची_आई: सगळ्यांचे आभार. मास्तर, वही काढली, सगळीकडे h = ९! अप्पा बळवंत चौकात गेलो होतो, डायजेस्ट चाळलं आणि ठेवून दिलं. येताना ४५० चा पांढरा फळा घेतला. आता ती उभं राहून मला शिकवते, मी मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारते. पुस्तक नाही घेतलं.

पेठेतला_बाब्या: खडूचा घ्यायचा होता. ते मार्कर महिन्यात वाळतात.